गाडी निघाल्यावर मागं कोण राहिलं? आमच्या गावच्या होऊ घातलेल्या सरपंच-सदस्यांना खुलं पत्र

गावच्या ग्रामपंचायतीला उभं राहायची तयारी करणाऱ्या सगळ्या काका, दादा, ताई आणि वहिनींना,

नमस्कार.

मी आपल्याच गावातली, खालच्या वस्तीवरची. पाथर्डी तालुक्यातलं आपलं गाव, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये, आणि तसं बघितलं तर आपल्या तालुक्यातली आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं अशीच आहेत. सध्या नगरला हॉस्टेलवर राहते, एसवाय बीएला आहे. गणपतीत गावी आले तेव्हा स्टँडवर दोन-तीन मोठे बॅनर दिसले, व्हॉट्सॲपवर पॅनेलचे ग्रुप पण सुरू झालेत, कुणीतरी माझा नंबर दोन्हीकडच्या ग्रुपमध्ये टाकलाय. यावेळी मी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीला मतदान करणार आहे. उभं राहायला 21 पूर्ण लागतात म्हणून मला उभं राहता येत नाही, पण मत आहे, आणि मत द्यायच्या आधी काय वाटतं ते सांगायचा हक्क आहे असं समजून हे लिहितेय.

आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनी मागच्या सेमिस्टरला चांगल्या नेत्याचे गुण यावर लिहून आणायला सांगितलं होतं. मी लिहिलं की नेता प्रामाणिक असावा, त्याला दूरदृष्टी असावी, बोलायला चांगला असावा, निर्णय पटकन घेणारा असावा. दहापैकी आठ मार्क पडले. पण खरं सांगू का, लिहून झाल्यावर मलाच वाटलं की यातलं मी डोळ्यांनी काय बघितलंय, हे तर सगळं गाईडमधलं झालं. मग बघितलेलं आठवत बसले आणि जे आठवलं ते तुम्हालाच सांगावं असं वाटलं, कारण गाव चालवायला तुम्ही निघालाय.

आमचे अण्णा आणि आई ऊस तोडायला जातात. हे तुम्हाला माहितीच आहे, वस्तीवरचे जवळपास सगळेच जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी येते, भांडीकुंडी, धान्याची पोती, कोंबड्या सगळं ट्रकमध्ये चढतं आणि वस्ती रिकामी होते. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मी चौथीपासून आज्जीजवळ राहून शिकले, त्याच्या आधी एक हंगाम मात्र आज्जीला बरं नव्हतं म्हणून मला पण सोबत नेलं होतं, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन.

त्या हंगामातली एक रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. एका गावचं थळ, म्हणजे तोडायचं उसाचं रान, संपलं होतं आणि आमची टोळी दुसऱ्या गावाला हलणार होती. कोप्या म्हणजे राहायच्या झोपड्या मोडल्या, सामान भरलं, थंडी एवढी की दात वाजत होते, सगळी पोरं गोधड्यांत गुंडाळून ट्रकमध्ये टाकली. मुकादम बॅटरी घेऊन खाली उभा होता, तो कोयते मोजत होता. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आमच्यात माणसं अशीच मोजतात, दोन माणसं मिळून एक कोयता आणि एकटा असला तर अर्धा. त्याची मोजणी बरोबर भरली, त्यानं ड्रायव्हरला हात केला. तेवढ्यात आमच्या टोळीतली एक मावशी, नात्यानं आमची कुणी नाही पण सगळे तिला मावशीच म्हणायचे, ती ट्रकच्या मागच्या फळीवर चढली आणि एकेका गोधडीत हात घालून पोरांची डोकी चाचपायला लागली. तोंडानं मोजत होती. एक, दोन, तीन. माझ्या डोक्यावर पण तिचा हात पडला, खरखरीत, पाचटानं कापलेला. मोजून झाल्यावर ती म्हणली, एक कमी आहे. मुकादम म्हणला, अगं आई-बाप आहेत ना ज्याचे त्याला, बघितली असतील त्यांनी, उशीर होतोय. ती खाली उतरली आणि ट्रकच्या तोंडापुढं जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी. मग शोधाशोध झाली आणि मोडलेल्या कोपीमागं वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, ढिगात एक तीन वर्षांचा पोरगा झोपलेला सापडला. त्याच्या आईला वाटलं होतं बापाजवळ आहे आणि बापाला वाटलं होतं आईजवळ आहे.

मुकादमाला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्या डोक्यावर पण कारखान्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, असते, कोयते कमी पडले तर त्याला भरून द्यावे लागतात, म्हणून तो कोयते मोजतो, त्याचं काम तेच आहे. पण पोरं मोजायचं काम मावशीला कुणी दिलं नव्हतं. तिला त्याचे पैसे मिळत नव्हते, टोळीत तिला कुठला मान-बिन पण नव्हता. तरी त्या रात्रीनंतर मी बघितलं की टोळीत भांडण झालं, कुणाचं दुखलं-खुपलं, की लोक आधी तिच्याकडं जायचे आणि मग मुकादमाकडं. नेता म्हणलं की माझ्या डोळ्यापुढं ती फळीवर चढलेली मावशी येते, आजपण.

आता गावाचं सांगते. मागच्या 26 जानेवारीला मी मुद्दाम सुट्टी काढून गावी आले होते, ग्रामसभा कशी असते ते बघायला. पुस्तकात वाचलं होतं की वर्षातनं कमीत कमी चार ग्रामसभा झाल्याच पाहिजेत, कोरमला, म्हणजे सभा धरायला, एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, मग शाळेच्या पटांगणात टेबल-खुर्ची मांडून सभा सुरू झाली. मी मागं भिंतीला टेकून उभी राहून माणसं मोजली. सदतीस. त्यात बाया पाच, मला धरून. वस्तीवरचं कुणीच नाही, कारण वस्ती तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात होती. वीस-पंचवीस मिनिटांत विषय वाचले, मंजूर म्हणले, संपलं. आणि दोन दिवसांनी मी आज्जीला विचारलं तर कळलं की कुणीतरी रजिस्टर घेऊन घरोघर फिरलं होतं आणि तिचा अंगठा घेऊन गेलं होतं. तिला वाटलं रेशनचं काहीतरी असेल. म्हणजे कागदावर माझी आज्जी त्या ग्रामसभेला हजर होती.

मी सभेत एक प्रश्न विचारला होता, तुमच्यातल्या काही जणांना आठवत असेल. आपल्या शाळेत हंगामी वसतिगृह का चालू होत नाही, पोरं आई-बापाबरोबर जातात आणि शाळा तुटते, एवढंच विचारलं. तर एक जण म्हणले, तुझ्या बापाला पाठव बोलायला. सगळे हसले नाहीत, काही जण गप्प बसले, पण उत्तर कुणीच दिलं नाही. माझा बाप त्या वेळी साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब मोळ्या बांधत होता. यायचं म्हणलं तर दोन दिवस मोडतात, तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते आणि वर उचल फिटत नाही.

मला हे पण कबूल करायचंय की 1 मे आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला आमची माणसं गावात असतात, ती पण फारशी येत नाहीत, ही आमची चूक आहे, मी घरी सुद्धा यावरनं भांडते. पण एक गोष्ट बघा. गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा कधी बनतो? 2018 पासून केंद्राचं जन योजना अभियान सुरू झालं, ते 2 ऑक्टोबरला सुरू होतं आणि थंडीभर चालतं. आराखड्याच्या शिवारफेऱ्या, बैठका, महिला सभा, सगळं त्या दिवसांत. म्हणजे सुरुवात होते तेव्हा आमच्या घरात उचल घेऊन सामान बांधायची गडबड असते आणि मंजुरी मिळते तेव्हा घराला कुलूप असतं. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, लोक गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात तोपर्यंत वर्षभराच्या पैशाचं ठरून बसलेलं असतं. मी ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर आपल्या गावाचा आराखडा उघडून बघितला, कुणालाही बघता येतो, मोबाईलवर दिसतो. तिथं वस्तीच्या नावानं एकच काम सापडलं, तेही मागच्या वर्षीचंच पुढं ओढलेलं. हे कुणी मुद्दाम केलं असं मला म्हणायचं नाही. कुणी मोजलंच नाही, एवढंच. कोयते मोजून झाले आणि गाडी निघाली.

मतदानाच्या दिवशी मात्र मोजणी अगदी पक्की असते. कोण कुठल्या कारखान्यावर आहे, कुठल्या मुकादमाच्या टोळीत आहे, किती मतं आहेत, याद्या असतात सगळ्यांकडं, आणि निवडणूक हंगामात आली तर गाड्या करून माणसं आणली जातात, रात्रीत परत सोडली पण जातात. म्हणजे आम्ही कुठं असतो ते तुम्हाला माहिती असतं, फोन नंबर पण असतात. मतदानाला गाडी येते तशी ग्रामसभेला पण यावी, निदान फोन तरी यावा, असं मला वाटतं आणि ते फार मोठं मागणं आहे असं वाटत नाही.

मागच्या वर्षी आमच्या एनएसएसच्या कॅम्पमधनं एक दिवस हिवरे बाजारला नेलं होतं. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, पाऊस आपल्यासारखाच कमी, आणि एके काळी तिथली पण माणसं गाव सोडून कामाला जायची. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले तेव्हा ते एमकॉम झालेले तरुण होते, 2020 ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली हे सगळ्यांना माहिती आहे, आपल्याकडं भाषणात त्यांचं नाव प्रत्येक जण घेतो. पण मला तिथं सगळ्यात जास्त काय भावलं तर पाण्याचा ताळेबंद. दरवर्षी पाऊस किती झाला ते मोजतात, जमिनीत किती मुरलं, माणसांना-जनावरांना किती लागेल याचा हिशोब ग्रामसभेपुढं मांडतात आणि मग ठरतं की रब्बीला काय पेरायचं आणि काय नाही. ऊस आणि केळी नको, शेतीसाठी बोअर नको, हे त्या गावानं ठरवून पाळलं. विचार करा, नेता म्हणून हे सांगणं किती अवघड असेल, ज्याच्या मतावर निवडून यायचं त्यालाच सांगायचं की तुझ्या रानात तू बोअर घेऊ नको. आणि लोकांनी ऐकलं, कारण हिशोब उघडा होता, कुणाच्या खिशात नव्हता. त्या गावची गेलेली माणसं परत आली. मी तिथून येताना बसमध्ये गप्प होते, मैत्रिणी विचारत होत्या काय झालं, मला सारखं वाटत होतं की आमची वस्ती दिवाळीनंतर पण घरी असती तर कशी दिसली असती.

दुसरं गाव मी बघितलेलं नाही, वाचलंय, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यांची. 2009 साली त्यांना जवळजवळ 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या गावांपैकी एक. तिथले नेते म्हणून देवाजी तोफा हे नाव सगळे घेतात, पण त्या गावात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाला जरी पटलं नसलं तरी थांबतात, परत बसतात, परत बोलतात. मला आधी हे वाचून वाटलं होतं की असं कधी काम होणारच नाही, किती वेळ जाईल. आता वाटतं की तो वेळ ज्याचं पटत नाही त्याच्यासाठी खर्च केलेला असतो, आणि म्हणूनच पुढं सगळे मिळून त्या निर्णयामागं उभे राहतात. आपल्याकडं पॅनेल निवडून आलं की हरलेल्या पॅनेलच्या गल्लीतली पाइपलाइन पाच वर्षं तशीच राहते, हे मी लहानपणापासून बघत आलेय, दोन्ही बाजूंनी केलंय, म्हणून कुणा एकाला बोलत नाही.

हे सगळं सांगताना माझं स्वतःचं पण सांगायला पाहिजे. त्याच कॅम्पमध्ये मी बावीस मुलींची ग्रुप लीडर होते. मी कामाची वाटणी केली, कागदावर नीट टेबल करून भिंतीला लावलं, झाडू कुणी, स्वयंपाक कुणी, भांडी कुणी, बंधाऱ्याच्या श्रमदानाला कुणी, आणि रोज संध्याकाळी मीटिंग घेऊन विचारायचे की कुणाला काही अडचण आहे का. कुणीच काही म्हणायचं नाही. मला वाटायचं मस्त चाललंय. चौथ्या दिवशी रात्री पाणी प्यायला उठले तर एक मुलगी अंधारात एकटीच मोठी पातेली घासत होती. चारही दिवस तीच घासत होती. बाकीच्या मुली आपापसात पाळ्या बदलायच्या आणि शेवटी काम तिच्यावर यायचं, ती कुणालाच नाही म्हणू शकत नव्हती आणि मीटिंगमध्ये सगळ्यांपुढं बोलायची तिची हिंमत होत नव्हती. आणि ती पण आमच्यासारख्याच घरातली, ऊसतोडीच्या. मी तिच्याशेजारी बसून पातेली घासली पण मला काय बोलावं ते कळेना, इतकं वाईट वाटलं. मावशीचा हात डोक्यावरनं गेलेली मी, आणि मी पण कोयतेच मोजत होते. त्या दिवसापासून मी मीटिंगमध्ये विचारणं कमी केलं आणि कामाच्या वेळी प्रत्येकीजवळ जाऊन बसायला लागले. तिथं जे कळतं ते मीटिंगमध्ये कधी कळत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. प्रचाराला तुम्ही वस्तीवर याल, आलात तर दारात उभं राहून हात जोडून जाऊ नका, दहा मिनिटं बसा. आमच्याकडं चहा काळा असतो पण मिळेल. आज्जीला विचारा की हिवाळ्यात रात्री दुखायला लागलं तर ती कुणाला हाक मारते. (ती शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारते, त्याला ऐकू कमी येतं.)

वहिनी आणि ताईंना वेगळं सांगायचंय. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यामुळं निवडून येणाऱ्यांत निम्म्या तुम्ही असणार हे ठरलेलंच आहे. पण त्या 26 जानेवारीला खुर्चीवर बसलेल्या दोन महिला सदस्यांच्या जागी त्यांचे मालकच बोलत होते. कृपा करून स्वतः बोला. चुकलं तरी चालेल, अडखळलात तरी चालेल. पहाटे तीनला उठून भाकरी थापून थळात जाणाऱ्या बाईला काय लागतं ते तुमच्या मालकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं, आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते ती कागदावर न घेता खरोखर घ्या, आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात घ्या एखाद्या वेळी.

मागणी म्हणून विचाराल तर माझ्या डोक्यात काही गोष्टी आहेत, पैसे फार लागत नाहीत. टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, वस्तीवर एक सभा घ्या आणि पुढच्या वर्षीच्या आराखड्यात काय पाहिजे ते तिथंच लिहून घ्या. कायद्यात कमीत कमी चार सभा म्हणलंय, पाचवी घ्यायला कुणी अडवत नाही. कोण कुठं जाणार आहे, कुणाची पोरं मागं राहणार आहेत, कुणाची म्हातारी माणसं एकटी आहेत याची एक वही ग्रामपंचायतीत ठेवा. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकाकडून ओळखपत्र मिळतं, ते आपल्या वस्तीत किती जणांना मिळालंय ते बघा, आमच्या घरात एकाचं झालंय, आईचं राहिलंय, कोयता जोडीचा असतो पण ओळखपत्र एकालाच का ते मला अजून कुणी सांगितलं नाही. शाळेतल्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा, नोव्हेंबर उजाडल्यावर पाठवून उपयोग नसतो, पोरं तोपर्यंत गाडीत बसलेली असतात. आणि 26 जानेवारीच्या सभेच्या दिवशी दोन-तीन टोळ्यांना व्हिडिओ कॉल लावा. फडात रेंज असते, अण्णा रोज रात्री मला कॉल करतात.

मला माहिती आहे, काही जण म्हणतील की चार बुकं शिकली आणि गावाला शिकवायला निघाली. मी शिकवत नाहीये. माझं मत कुणाला द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, घरी पण सांगितलंय की यावेळी भावकी बघून देणार नाही, अण्णा आधी चिडले, मग म्हणले बघ तुझं तू. वर लिहिलेल्यातलं एखादं काम निवडणुकीच्या आधीच कुणी करायला घेतलं, मग ते कुठल्या का पॅनेलचे असेनात, तर मी त्यांच्यासाठी वस्तीवर घरोघर फिरेन, परीक्षा असली तरी येईन.

ओळखपत्राचे फॉर्म भरायला कुणी नसेल तर मी भरून देते. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत मी गावातच आहे, समाजमंदिरात संध्याकाळी बसेन, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक घेऊन या म्हणून वस्तीवर सांगितलंय. ग्रामसेवक भाऊसाहेबांना तुमच्यापैकी कुणीतरी एक दिवस तिथं घेऊन आलं तर सगळ्यांचं एका जागी होऊन जाईल. आमची गाडी यावर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघणार आहे असं मुकादमानं सांगितलंय.

तुमची,
खालच्या वस्तीवरची एक मुलगी